टाळ्यांसकट

२००६ सालच्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी सुरत शहरात शिरले, तसे ते आमच्या अडाजणच्या घरातही आले. तळमजल्यावर छातीइतके पाणी होते. ते ओसरल्यावर जो गाळ मागे राहिला तो उपसण्यात आठवडा गेला. भांडी धुऊन निघाली, गाद्या फेकून दिल्या, पुस्तकांच्या लगद्याकडे मात्र बघवेना. कपाटाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात माझ्या जुन्या कॅसेटी. उघडला तर आत कॅसेटी कमी आणि चिखल जास्त. एकीवरची शाईची अक्षरे अर्धवट उरली होती : 'गणपती ८५, ऑर्केस्ट्रा'.

बाजारात तिची किंमत शून्य. सोळा वर्षांच्या मुलाने शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून आणून, व्यासपीठाच्या कडेला पायरीवर ठेवून केलेले ते ध्वनिमुद्रण. पण तो डबा हातात घेऊन मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. घरच्यांना वाटले, हे पुस्तकांसाठी शोक करताहेत.

सुरतेत राहून मराठी माणसाने इतिहास शिकवायचा म्हणजे १६६४ आणि १६७० ही दोन साले दरवर्षी वर्गात पार पाडावी लागतात. त्या दिवशी शिक्षकखोलीत गुजराती सहकारी हटकून विचारतात, "केम साहेब, आजे केटलुं लूंट्युं?" मग चहा माझ्याकडून. थट्टा राहू द्या. पण १६६४ च्या जानेवारीतले ते दिवस आपण इतक्या तपशिलाने सांगू शकतो, याचे एक मोठे कारण म्हणजे इथल्या वखारीतल्या इंग्रजांनी लिहिलेली पत्रे. त्यांनी लिहिले, जपले, म्हणून त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले सुरत आज आपल्याला दिसते. त्याच दिवसांत गल्लीबोळांतून पळालेल्या साध्या सुरतकराचे म्हणणे त्यामानाने फारच थोडे उरले. गाण्याबजावण्याचेही असेच आहे. तिथे लेखणीच्या जागी ध्वनिमुद्रणाचे यंत्र येते, एवढाच फरक.

स्टुडिओत केलेली ध्वनिमुद्रिका आणि भरल्या मैफलीत केलेली ध्वनिमुद्रिका यांत इतिहासाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. स्टुडिओत चूक झाली की पुन्हा वाजवतात. श्रोता तिथे नसतोच. मैफलीच्या मुद्रणात मात्र कुणीतरी खोकते, तंबोरा पुन्हा जुळवला जातो, समेवर दाद येते आणि ती दाद कुठे आली नाही हेही कळते. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने प्रत्यक्ष मैफलींच्या कॅसेटी काढल्या तेव्हा आमच्यासारख्या, पुण्यापासून लांब पडलेल्या मराठी माणसांना त्या मैफलींत मागच्या रांगेत का होईना, जागा मिळाली. पु. लं.च्या प्रयोगांच्या ध्वनिफितींतून तो हशा वजा केला तर काय उरेल, याचा विचार करून पाहावा.

आमच्या घरात असे पहिले मुद्रण आले ते लता मंगेशकरांचे. १९७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, त्याच्या या ध्वनिमुद्रिका. सुरुवातीला दिलीपकुमारांनी उर्दूतून करून दिलेला परिचय वडिलांना तोंडपाठ होता. लताबाईंचे आजोळ थाळनेरचे, म्हणजे आमच्याच तापीच्या वरच्या काठचे, आणि आई गुजराती घरातली. त्यामुळे आमच्या चाळीत खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकी आणि वरच्या मजल्यावरची माझी आई या दोघींनाही ती गायिका आपल्याच माहेरची वाटे. यावरून वादही होत. असो.

या सगळ्या गाण्याच्या गोष्टी झाल्या. विजेवर चालणाऱ्या वाद्यांचे काय? माझा एक वर्गमित्र बडोद्यास शिकत असताना परदेशातल्या नातेवाइकाकडून आलेली एक कॅसेट घेऊन आला होता. फ्रान्सच्या ज्याँ मिशेल जार या संगीतकाराच्या चीनमधल्या कार्यक्रमांची. या गृहस्थाकडे ना गायक, ना गाणे. सिंथसायझर नावाच्या यंत्रांचा ढीग मांडून हा रॉकच्या ताकदीने वाजवणार. १९७९ साली १४ जुलैला पॅरिसच्या एका चौकात त्याने सुमारे दहा लाख लोकांसमोर वाजवले होते. १९८१ च्या ऑक्टोबरात तो पेकिंग आणि शांघाय इथे गेला. पाच कार्यक्रम झाले आणि १९८२ साली त्यांची दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. माओ जाऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. पाश्चात्त्य पॉप संगीताचा असा कार्यक्रम त्या श्रोत्यांनी कधी पाहिलेला नव्हता. प्रकाशाच्या किरणात हात घातला की सूर निघतो, असे एक वीणेसारखे वाद्यही त्याने नेले होते. एका तुकड्यात चिनी वादकांचा वृंद जुनी चिनी चाल वाजवतो आणि सिंथसायझर त्यांच्या मागून चालतो.

खरे सांगायचे तर त्या संगीतापेक्षा मला मधले आवाज जास्त आवडले. चिनी बोलणे, गर्दीचा गलबला, आणि टाळ्या. हे लोक काय ऐकताहेत हे त्यांना कळत होते का? आवडत होते की नुसतीच सभ्यता? असल्या मुद्रिकेतला काही भाग पुढे स्टुडिओत सजवलेला असतो, तसा तिच्यातही आहे, हे मला नंतर समजले. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती एक साधनच वाटली. विजेचे वाद्य आणि ते पहिल्यांदा ऐकणारा समाज, दोघेही एकाच फितीवर.

मग साहजिकच मनात आले की आपल्याकडे असे काही झाले का? झाले. त्याच्याही आधी झाले. फक्त ते कुणी टाळ्यांसकट टिपून ठेवले नाही.

आमच्या सुरतेत काय आणि नंदुरबार-धुळ्याकडे काय, लग्नाची वरात नागिनीच्या धुनेवाचून पुढे सरकत नाही. नवऱ्याचा मामा तोंडात रुमालाची दोन टोके धरून रस्त्यावर आडवा होतो. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली ती पुंगी. मी विद्यार्थ्यांना विचारतो, ती पुंगी कोणी वाजवली? 'गारुड्याने,' असे उत्तर येते. ती पुंगी नव्हतीच. ते क्लॅव्हिओलिन नावाचे, व्हॉल्व्हवर चालणारे विजेचे वाद्य होते, आणि वाजवणारे होते कल्याणजी वीरजी शहा. जोडीला हार्मोनियमवर रवी होते, पुढे संगीतकार झाले तेच. संगीत हेमंतकुमारांचे.

क्लॅव्हिओलिन हे काँस्तँ मार्ताँ या फ्रेंच माणसाने १९४७ साली तयार केले. लहानशी पट्ट्यांची पेटी, आणि आवाजासाठी वेगळा डबा. एका वेळी एकच सूर निघे, दोन पट्ट्या दाबून उपयोग नाही. आवाज चढवायचा-उतरवायचा तो गुडघ्याने, त्यासाठी खाली एक दांडी असे. पाश्चात्त्य वादकाला हे एकसुरीपण उणेपण वाटले असेल. आपल्या संगीताला एकापाठोपाठ एक सूरच हवे असतात, आणि पुंगीलाही. कल्याणजींनी कळा फिरवून, सुराला कंप देऊन त्यातून नाग डोलवला. हेच वाद्य पुढे १९६२ साली 'टेलस्टार' या इंग्रजी तबकडीत वाजले आणि इंग्लंड-अमेरिकेत गाजले. १९६७ साली बीटल्सच्या एका गाण्यातही ते आहे. आमची नागीण त्यांच्या आठ वर्षे आधी डोलली, हे मी वर्गात जरा छाती काढून सांगतो.

कल्याणजी मूळचे कच्छचे. वडिलांनी मुंबईत किराणा दुकान घातले, आणि कल्याणजी-आनंदजी हे भाऊ गिरगावात मराठी-गुजराती शेजारात वाढले. आपल्यासारख्या दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहणाऱ्यांना ते वातावरण वेगळे समजावून सांगायला नको. चित्रपटांचे संगीतकार म्हणून नाव होण्यापूर्वी त्यांची 'कल्याणजी वीरजी अँड पार्टी' होती. व्यासपीठावर वाद्यवृंद मांडून मुंबईत आणि बाहेर कार्यक्रम करणारी. आज ज्याला आपण ऑर्केस्ट्रा म्हणतो त्या प्रकारची ही अगदी सुरुवातीची मंडळी. त्या कार्यक्रमांत हे नवे वाद्य पहिल्यांदा पाहताना गिरगावातल्या माणसांनी काय केले असेल? पुंगी दिसत नाही आणि ऐकू तर येते, म्हणून कुणी उठून पडद्यामागे पाहिले असेल का? कळायला मार्ग नाही. चित्रपटाच्या तबकडीवर संगीतकाराचे नाव, गायिकेचे नाव. वादकाचे नाव छापण्याची तेव्हा पद्धत नव्हती. पडद्यावरची धून अमर झाली आणि व्यासपीठावरची हवेत गेली.

दुसरी गोष्ट आपल्या गुजरातेतलीच, अहमदाबादची. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकेहून मूग सिंथसायझर आला. डेव्हिड ट्यूडर या संगीतकाराने तो उभारून दिला आणि गीता साराभाई वगैरे मंडळींनी त्यावर प्रयोग केले. या गीताबाई पखवाज शिकलेल्या होत्या. तीनचार वर्षांत ते काम थांबले. फिती कपाटात गेल्या आणि संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या २०१७ च्या सुमारास सापडल्या, आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. म्हणजे इथे ध्वनिमुद्रण होते, जपलेही गेले, पण ऐकणारा पन्नास वर्षे उशिरा आला. सुरतेहून रात्रीच्या गाडीने निघालो तर सकाळी पोहोचतो तिथे, इतक्या जवळ हे घडले होते. आम्हा कुणाला पत्ता नव्हता.

तिसरे चरणजित सिंग. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि विजेची वाद्ये वाजवणारा हा वादक. त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे आणली : एक तालाचे, एक खर्जाचे, एक मुख्य सुरावटीचे. १९८२ साली एच.एम.व्ही.ने त्यांची दहा रागांची तबकडी काढली. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. नाव दिले 'टेन रागाज टु अ डिस्को बीट'. म्हणजे जारची चीनमधली मुद्रिका निघाली त्याच साली. खर्जाच्या त्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, ती सतारीच्या मींडेच्या वाटेने जाते हे रागसंगीत ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच कळते. मी शास्त्रीय संगीताचा जाणकार नव्हे, पण त्यातला मालकंस ऐकताना सुरुवातीला हसू येते आणि दोन मिनिटांनी येत नाही, एवढे सांगतो.

तबकडी चालली नाही. रागवाल्यांना तो डिस्को वाटला आणि डिस्कोवाल्यांना राग. पाच वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेतल्या शिकागोच्या मुलांनी त्याच खर्जयंत्रावर तसलेच काही वाजवले आणि नृत्यसंगीताचा एक नवा पंथ निघाला. त्यांनी चरणजित सिंगांचे नावही ऐकले नसणार. पुढे एका डच संग्राहकाला ती जुनी तबकडी दिल्लीत मिळाली. २०१० साली ती युरोपात पुन्हा निघाली, आणि सत्तरी ओलांडलेला हा वादक आपली जुनी यंत्रे घेऊन तिकडच्या व्यासपीठांवर गेला. नातवंडांच्या वयाची मुले समोर नाचत होती. १९८२ ला ज्या टाळ्या पडायच्या त्या तीस वर्षांनी पडल्या. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले.

या तिघांची हकीकत शोधत गेलो ती त्या चिखलातल्या कॅसेटीमुळे.

१९८५ साली आम्ही लिंबायतेत राहत होतो. गल्लीत निम्म्याहून अधिक खानदेशी. अमळनेर, शिंदखेडे, शहादे इकडून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेले, यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. सुरतेत त्या कारखान्याला 'खाते' म्हणतात. बारा तासांची पाळी. आमच्या गणपती मंडळाच्या ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवणाऱ्या गृहस्थांना सगळे आप्पा म्हणत. तेही खात्यातच कामाला. कॅसिओ त्यांचा नव्हता. भाड्याने आणलेला, रात्रीपुरता. संगीत कुणाकडे शिकलेले नव्हते. गावाकडे बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवत, एवढीच शिदोरी. पण मागाच्या खटाखटीत बारा तास उभे राहणाऱ्या माणसाचा ताल चुकत नसतो.

त्या रात्री आप्पांनी आधी आरतीची चाल वाजवली, मग नागिनीची धून, आणि मग कॅसिओच्या यांत्रिक तालावर एक अहिराणी लग्नगीत. निवेदक मराठीतून सुरू करी, "हवे सांभळो" म्हणून गुजरातीत शिरे आणि हिंदीत संपवी, कारण समोर आमच्या बायाबापड्या, घरमालक पटेल मंडळी आणि ओडिशाचे कामगार असे सगळेच बसलेले. अहिराणी गाण्याला आमच्या लोकांनी जो कल्ला केला तो ऐकून पटेलांची पोरेही उठून नाचू लागली, हे मला स्पष्ट आठवते. आठवते, म्हणजे मला असे वाटते. पुरावा विचाराल तर तो त्या डब्यात होता.

पुरानंतर मी डब्यातल्या सगळ्या कॅसेटी फेकल्या. ही एक ठेवली. स्क्रू काढून फीत बाहेर घेतली, साध्या पाण्यात धुतली, सावलीत दोरीवर वाळवली. पत्नीने त्या दिवशी पापडांसाठी दोरी मागितली होती, ती मिळाली नाही याचा उल्लेख घरात अजून होतो. बहुतेक फीत चिकटून तुटली. जेवढी अखंड राहिली तेवढी दुसऱ्या कॅसेटीच्या कवचात भरून लावली. सात मिनिटांच्या आसपास आवाज निघाला.

आप्पा आता सत्तरीच्या पुढे आहेत, मुलाकडे दिंडोलीत असतात. बोटे वाकलेली, कानाला कमी. मागच्या वर्षी गणपतीत ती सात मिनिटे मी मोबाइलवर उतरवून त्यांच्याकडे घेऊन गेलो. सोबत चरणजित सिंगांचा भैरवही नेला होता. तो आधी ऐकवला. आप्पा म्हणाले, "भारी हात से, सर. पन हाऊ मानूस कोठे वाजाडी ऱ्हायना? मानसे नहीत का समोर?" मी म्हटले, नाही, बंद खोलीत. त्यांनी मान हलवली.

मग आमची फीत लावली. पुराने उरवलेली ती सात मिनिटे नेमकी कोणती, तर वीज गेल्यानंतरची. माझा टेपरेकॉर्डर सेलवर होता म्हणून चालू राहिला. व्यासपीठावरचा कॅसिओ, माईक, लाउडस्पीकर सगळे बंद. आधी ओरडा, शिट्या, मग कुणा बाईने ते अहिराणी गाणे तसेच अंधारात पुढे धरले, आणि हळूहळू सगळे मिळाले. मागे कुणीतरी पत्र्याच्या खुर्चीवर ताल धरला आहे. आप्पांच्या वाजवण्याचा एक सूरही त्यात नाही. तो सगळा पुरात गेला.

हे त्यांना कसे सांगावे या विचारात मी होतो. ते मोबाइल कानाला दाबून डोळे मिटून ऐकत होते. गुडघ्यावर उजव्या हाताची बोटे हलत होती, पट्ट्यांवर हलावीत तशी. शेवटी शेवटी गर्दीतून एकदम मोठा हर्षाचा आवाज येतो आणि तिथेच फीत तुटते. आप्पांनी डोळे उघडले.

"आठेच लाईट उनी व्हती, सर," ते म्हणाले. "आते मीच वाजाडाना व्हतू."